रोममधली मंगलाष्टकं

संग्रामने फोन टेबलावर पालथा ठेवला तेव्हाच नेत्राच्या लक्षात आलं की युरोप गेलं.

न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या त्यांच्या घराच्या किचनमध्ये दोघं उभे होते. कंपनीच्या वकिलाचा ईमेल आला होता. संग्रामच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपला आहे, सध्या देशाबाहेर गेलात तर नवा स्टॅम्प घेऊन परत यायला किती महिने लागतील ते कोणी सांगू शकत नाही, तेव्हा प्रवास टाळलेला बरा. नेत्राचा व्हिसा त्याच्याच व्हिसाला जोडलेला, म्हणजे तिचंही तेच. नाताळच्या सुट्टीतलं पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम, अ‍ॅम्स्टरडॅम, सगळं त्या चार ओळींत संपलं.

"आईबाबांना कोण सांगणार?" नेत्राने विचारलं.

खरी पंचाईत तीच होती. संग्रामचे आईवडील, राजाराम आणि शरयू, महिन्यापूर्वीच सांगलीहून आले होते. आजवर मुलाकडे आले की मॉल, देऊळ आणि आयसेलिनची देशी दुकानं एवढंच व्हायचं. या वेळी मुलगा युरोप दाखवणार होता. दोघांनी मुंबईला जाऊन युरोपचे व्हिसा काढले होते. शरयूताईंनी आयफेल टॉवरपुढे नेसायला मोरपंखी पैठणी आणली होती आणि तिच्यावर स्वेटर घालायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. राजारामकाका कॉलेजात लायब्ररियन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. रोमबद्दल जेवढं वाचता येईल तेवढं त्यांनी वाचून काढलं होतं.

संग्रामने रात्रीच्या जेवणाआधी सांगून टाकलं. राजारामकाकांनी सगळं ऐकून घेतलं, "असू दे" म्हणाले आणि पानावर बसले. पण नंतरचे काही दिवस ते घरात असून नसल्यासारखे होते. संग्रामने सुचवून पाहिलं की तुमचे व्हिसा आहेत, तिकिटं आहेत, न्यू जर्सीहून एक ग्रुप जातोय, तुम्ही दोघं तरी जाऊन या. त्यावर शरयूताई कणीक मळता मळता म्हणाल्या, "तुम्ही नसताना तो टॉवर बघून मी काय करू? तो काय मला बस म्हणणार आहे?"

संग्राम हसला नाही. तो हल्ली हसतच नव्हता. याच स्टॅम्पच्या भानगडीमुळे तो गेली काही वर्षं भारतात गेला नव्हता; युरोपात स्टॅम्प नवा करून मिळेल, असं या वेळी वकीलच आधी म्हणाला होता. धाकट्या बहिणीचं, नीनाचं लग्न त्याने याच किचनमध्ये उभं राहून लॅपटॉपवर पाहिलं होतं. तिकडे गोरज मुहूर्त, इकडे ऑफिसला निघायची घाई. वडील मंगलाष्टकं म्हणायला उभे राहिले आणि नेमकं सांगलीचं नेट गेलं. पुन्हा आलं तेव्हा मंडळी जेवायला बसली होती. आता आईवडील इथे आले होते, तर त्यांना द्यायचं एकुलतं एक सुख त्याच्या हातून निसटलं होतं.

मार्ग काढला तो त्यांच्या मुलीने, आरोहीने. ती अकरा वर्षांची, जन्मली इथेच, मराठी सगळं समजायचं पण उत्तर इंग्रजीत द्यायची. शनिवारी सकाळी ती आयपॅड घेऊन आजोबांच्या शेजारी येऊन बसली. "आजोबा, देअर्स अ रोम इन न्यू यॉर्क. वी कॅन ड्राइव्ह."

"कुठं?"

तिने नकाशा दाखवला. न्यू यॉर्क राज्याच्या वरच्या भागात, हायवेच्या आजूबाजूला, एक अ‍ॅम्स्टरडॅम होतं, एक रोम होतं, एक व्हिएन्ना होतं आणि तळ्याकाठी एक जिनिव्हा होतं. राजारामकाकांनी चष्मा वर करून पाहिलं. म्हणाले, "मग आमच्या मिरजेच्या पुढं एखादं लंडनही निघेल." पण शरयूताई येऊन उभ्या राहिल्या, त्यांनीही पाहिलं, आणि विचारलं की तिथे बर्फ असतो का. आरोही म्हणाली, टन्स. शरयूताई म्हणाल्या की मग पैठणी इस्त्री करून ठेवते.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी ते निघाले. व्हॅनमध्ये मागे दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंगाचा मोठा डबा आणि चहाचा थर्मास. संग्राम ड्राइव्ह करत होता, शेजारी राजारामकाका खिडकीबाहेर बघत गप्प. मागे आरोही आजीला उद्याचं हवामान वाचून दाखवत होती आणि आजी प्रत्येक आकड्याला "बापरे" म्हणत होती.

अ‍ॅम्स्टरडॅम हे एकेकाळी गालिचे विणणाऱ्या गिरण्यांचं गाव होतं. त्या गिरण्यांच्या विटांच्या इमारती अजून उभ्या होत्या, पण बाजारपेठेत सामसूम होती. नदीवर चालत जायचा एक रुंद पूल होता. शरयूताई, नेत्रा आणि आरोही पुलाच्या मध्यापर्यंत गेल्या. खाली नदी काठांपासून आत गोठत आली होती, मधल्या पट्ट्यातून फक्त पाणी वाहत होतं. शरयूताईंनी हातमोजा काढून कठड्यावरचा बर्फ बोटाने चाखून पाहिला आणि नेत्राला म्हणाल्या की बर्फाच्या गोळ्याला लोक उगाच सरबत घालतात. राजारामकाका मात्र गाडीतून उतरले नाहीत. थंडी आहे, म्हणाले. संग्रामही मग गाडीतच बसून राहिला. वडिलांशी काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटत होतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना, म्हणून त्याने हीटर वाढवला.

रोमच्या अलीकडे बर्फ सुरू झाला. सुरुवातीला शरयूताईंनी खिडकी खाली करून हात बाहेर काढला. थोड्या वेळाने मात्र त्यांनी ती घाईने वर केली. पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनासे झाले. मोठ्या तळ्यावरून वारा आला की या भागात असा बर्फ पडतो, हे संग्रामला ऐकून माहीत होतं. पाहत तो पहिल्यांदाच होता. तो अगदी हळू गाडी चालवत रोममध्ये शिरला आणि बुक केलेल्या हॉटेलच्या दारात गाडी थांबवली, तेव्हा स्टिअरिंगवरून हात काढायला त्याला जरा वेळ लागला.

राजारामकाकांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "चांगली आणलीस," म्हणाले. पार्सिपनी सोडल्यापासूनचं त्यांचं दुसरंच वाक्य.

सकाळी उठून पाहतात तर पार्किंग लॉटमधल्या गाड्यांचे फक्त उंचवटे दिसत होते. रस्ते बंद. हॉटेलच्या माणसाने सांगितलं की उद्यापर्यंत कुठे जाता येणार नाही. मंडळी नाश्त्याला खाली आली. तिथे कोपऱ्यातल्या टेबलाशी साठीची एक बाई पांढऱ्या नॅपकिनच्या गठ्ठ्यापुढे बसून डोळे पुसत होती.

शरयूताईंना इंग्रजी बेताचंच येत होतं. पण त्या सरळ तिच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, एक नॅपकिन उचलला आणि ती करत होती तशी घडी घालायला लागल्या. नेत्रा मागोमाग गेली. तेव्हा कळलं की त्या बाईचं नाव डॉना, आणि आज दुपारी या हॉटेलच्या हॉलमध्ये तिच्या मुलीचं, मेगनचं लग्न आहे. हॉल सजला होता, केक आला होता, शंभर माणसांचं जेवण तयार होतं. पण पाहुणे सिरॅक्यूजहून, बफेलोहून यायचे होते. नवऱ्या मुलाचा भाऊ, आत्या, मामा, सगळे वाटेत अडकले होते किंवा घरातून निघूच शकले नव्हते. हॉटेलात आधीच पोचलेले मोजके लोक आणि गावातले चालत येऊ शकणारे काही शेजारी, एवढेच हजर होते.

"डेट बदलता येणार नाही का?" नेत्राने विचारलं.

नाही म्हणे. नवरा मुलगा, डॅनी, सैन्यात होता आणि सुट्टी संपवून त्याला परवा हजर व्हायचं होतं. डॉनाला लग्न होणार नाही याची काळजी नव्हती. तिला रडू येत होतं ते रिकाम्या खुर्च्यांचं. मुलगी आत येईल आणि तिला समोर सगळ्या रिकाम्या खुर्च्या दिसतील.

नेत्राने हे शरयूताईंना मराठीत सांगितलं. शरयूताई घडी घालायच्या थांबल्या.

"मग आपण आहोत की पाच जण," त्या म्हणाल्या. "सांग तिला. आणि हॉटेलात अजून माणसं असतील, त्यांनाही बोलवा म्हणावं. लग्नात कुणी परकं असतं होय?"

नेत्राने सांगितलं. डॉनाने शरयूताईंचा हात धरला आणि काही वेळ सोडलाच नाही. मग ती उठून हॉटेलच्या डेस्कवर गेली. तासाभरात हॉटेलातल्या प्रत्येक खोलीत फोन गेला. दोन ट्रक ड्रायव्हर होते, कॅनडाला परत निघालेलं एक कुटुंब होतं, हायस्कूलच्या मुलींची बास्केटबॉलची आख्खी टीम होती. सगळे हो म्हणाले.

डॉनाने मग नेत्राला सहज विचारलं की तुमच्याकडे लग्नात काय काय करतात. नेत्रा सांगेपर्यंत आरोही मध्ये बोलली, "माय ग्रँडफादर राइट्स वेडिंग पोएम्स. ही सिंग्ज देम टू."

हे खरं होतं. सांगलीकडच्या नात्यात कुठेही लग्न असलं की राजारामकाका वधूवरांच्या नावांवर मंगलाष्टकं रचत आणि स्वतः म्हणत. रचना चोख असे आणि लांबी भलतीच. घामाघूम झालेला नवरा अंतरपाटामागून डोळे वटारेपर्यंत ते थांबत नसत. डॉनाने विचारलं की आज म्हणतील का, कारण भाषण करणारा डॅनीचा भाऊ बफेलोत अडकलाय आणि त्याच्या जागी कुणीतरी काहीतरी बोलायला हवं आहे.

राजारामकाका आधी नाहीच म्हणाले. ते लोक काय आणि आपली भाषा काय, त्यांना एक अक्षर कळायचं नाही, हसतील. एवढं बोलून ते चहा घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले. पण थोड्या वेळाने नेत्राने पाहिलं तर त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. लघु-गुरू चालले होते. मग त्यांनी आरोहीला हाक मारली.

"मेगन म्हणजे 'मे' दीर्घ ना गं? आणि दिसते कशी? उंच आहे?"

आरोहीने धावत जाऊन मेगनला पाहिलं, परत येऊन सांगितलं की उंच आहे, फ्रेकल्स आहेत, आणि ती आत्ता बाहेर बर्फात उभी राहून फोटो काढून घेतेय, पायात स्नो बूट्स घालून. राजारामकाकांचा चेहरा उजळला. "बर्फात? वा," म्हणाले आणि पुन्हा बोटं मोजायला लागले.

बाकीच्यांची धावपळ उडाली. शरयूताईंच्या पर्समध्ये हळदीकुंकवाची डबी असायचीच. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून तांदूळ मिळाला, त्याच्या अक्षता झाल्या आणि पेपर कपांतून वाटल्या गेल्या. अंतरपाटाला नेत्राची पांढरी शाल निघाली, कागदी फुलांची एक माळ झाली. बास्केटबॉलच्या मुलींना आरोहीने रांगेत उभं करून 'सावधान' म्हणायला शिकवलं. 'शा' नाही 'सा', आणि शेवटचा 'न' जोरात. ती हे सगळं समजावत होती तेव्हा तिच्या तोंडून सलग चार वाक्यं मराठीत गेली. मुलींना ती कळली नाहीत, तिचं तिलाही कळलं नाही, नेत्राने मात्र ऐकलं.

दुपारी बर्फ थांबला. पाद्रीबुवा रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या ट्रकमधून आले, ड्रायव्हरसकट, आणि ड्रायव्हरही लग्नाला थांबला. शरयूताई मोरपंखी पैठणी नेसून, नथ घालून हॉलमध्ये आल्या. स्वेटर घातला नव्हता. पहिल्या रांगेत मेगनचे आजोबा बसले होते, खूप म्हातारे, हातात काठी. त्यांनी शरयूताईंना पाहून टाय नीट केला आणि शेजारची खुर्ची ओढून दिली.

मेगन वडिलांचा हात धरून आत आली. तिने हॉलभर नजर टाकली. खुर्च्या भरल्या होत्या. ओळखीचे चेहरे थोडे आणि अनोळखी खूप, पण सगळे उभे राहून तिच्याकडे बघून हसत होते. ती तिथेच थांबून हसायला लागली आणि मग रडायला लागली, आणि वडिलांनी तिला पुढे चालतं करेपर्यंत हॉलमधल्या निम्म्या बायकांचे डोळे भरले होते.

पाद्रीबुवांनी विधी पार पाडला. अंगठ्या झाल्या. मग डॉनाने राजारामकाकांना खूण केली.

मेगन आणि डॅनी समोरासमोर उभे राहिले. मध्ये शाल धरायची होती. एक टोक मेगनच्या मैत्रिणीने धरलं. दुसऱ्या टोकासाठी डॅनीने इकडे तिकडे पाहिलं. त्याच्या बाजूला कुणीच उभं नव्हतं. मग त्याने संग्रामकडे बघून विचारलं, "विल यू?"

संग्राम पुढे गेला आणि शालीचं टोक त्याने दोन्ही हातांनी धरलं.

राजारामकाकांनी घसा साफ केला. डोळे मिटले. आणि तो आवाज लागला, सांगलीच्या कितीतरी मांडवांत लागलेला, थोडा थरथरता पण सुराला पक्का.

"झाली शुभ्र हिमात मेगन उभी, माळा फुलांची करी,
डॅनी हासत पाहतो तिजकडे, डोळ्यांत पाणी तरी..."

स्वतःची नावं ऐकून दोघांनी शालीच्या दोन्ही बाजूंनी एकदम मान वर केली. कडवं संपलं. आरोहीने हात उंचावला, आणि बास्केटबॉलची टीम, ट्रक ड्रायव्हर, कॅनडाचं कुटुंब, सगळे ओरडले, "सावधान!" अक्षता उडाल्या. मेगनचे आजोबा अर्धा सेकंद मागे राहिले आणि त्यांचं एकट्याचं "सावडान" सगळ्यांनंतर हॉलभर घुमलं. हशा पिकला.

दुसरं कडवं डॉनावर होतं, तिसरं या गावावर. तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीत राजारामकाकांनी डोळे उघडले. समोर शाल होती आणि तिच्या टोकाला त्यांचा मुलगा. त्यांचा आवाज मध्येच थांबला. हॉलमधल्या लोकांना वाटलं कडवं तसंच असेल. शरयूताईंना कळलं. त्या खुर्चीवरून उठल्या आणि तो राहिलेला शेवटचा चरण नुसत्या आलापाने त्यांनी पुरा केला, शब्द त्यांना माहीत नव्हते. मागोमाग सावधान झालं, शाल खाली आली, आणि मेगनने डॅनीच्या गळ्यात कागदी फुलांची माळ घातली.

राजारामकाका तिथेच थांबले. आयुष्यात पहिल्यांदा तीन कडव्यांत.

नंतर जेवण झालं, आणि शंभर माणसांच्या अन्नाला न्याय द्यायला बास्केटबॉलची टीम पुरेशी होती. गाणी लागली. डॅनीने शरयूताईंना नाचायला बोलावलं, त्या गेल्या, आणि त्यांनी त्याच्याबरोबर फुगडी घातली. सैन्यातला सहा फुटी मुलगा पैठणीवाल्या आजींच्या हातात हात अडकवून गरगर फिरतोय, हे बघताना नेत्राची नजर संग्रामकडे गेली. तो भिंतीला टेकून हसत होता. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नागपूरला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिने पहिल्यांदा पाहिला होता तसा.

दुसऱ्या दिवशी रस्ते उघडले. डॉनाने केकचा मोठा तुकडा बांधून दिला. मेगन आणि डॅनी दारापर्यंत आले आणि दोघांनी राजारामकाकांना वाकून नमस्कार केला. तो आरोहीने शिकवला होता, त्यामुळे त्यांचे हात पायांऐवजी गुडघ्यांना लागले. राजारामकाकांनी दोघांच्या डोक्यांवर हात ठेवला.

व्हिएन्ना इतकं छोटं होतं की आरोहीने "धिस इज इट" म्हणेपर्यंत मागेही पडलं होतं. दुपारी ते जिनिव्हाला पोचले. ऊन पडलं होतं. सगळीकडे पांढरं आणि मधोमध लांबच लांब निळं तळं, अजिबात न गोठलेलं. आरोही आणि शरयूताई बदकांकडे गेल्या, नेत्रा त्यांचे फोटो काढत राहिली. या वेळी राजारामकाका सगळ्यांच्या आधी गाडीतून उतरले होते. ते आणि संग्राम काठावरच्या कठड्याशी उभे राहिले.

"बाबा, खरं युरोप पण दाखवीन," संग्राम म्हणाला. "थोडं थांबावं लागेल."

राजारामकाकांनी कठड्यावरचा बर्फ हाताने झाडला. मग म्हणाले, "नीनाच्या लग्नात अंतरपाट धरायला तुझा चुलतभाऊ उभा होता. मी मंगलाष्टकं म्हणत होतो आणि सारखं लक्ष त्या टोकाकडंच जात होतं. तू नव्हतास."

संग्राम तळ्याकडे बघत राहिला.

"काल होतास," ते म्हणाले. "आता युरोप कधीही होऊ दे. मला घाई नाही." आणि त्यांनी मुलाच्या डोक्यावरची सरकलेली लोकरी टोपी दोन्ही हातांनी कानांवर ओढून नीट बसवली, शाळेत सोडताना बसवायचे तशी. संग्रामने बसवू दिली.

कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका गृहस्थाने विचारलं की तुम्हा सगळ्यांचा एकत्र फोटो काढून देऊ का. पाचही जण तळ्याकडे पाठ करून उभे राहिले. फोन परत देताना त्याने सहज चौकशी केली, कुठून आलात.

संग्राम न्यू जर्सी म्हणणार होता. त्याच्याआधी शरयूताईच इंग्रजीत बोलल्या.

"रोम," त्या म्हणाल्या. "मॅरेज."

त्या माणसाला त्यात काही नवल वाटलं नाही. त्याने मान डोलावली आणि तिकडे बर्फ फार पडला म्हणे, असं विचारलं.

"फार," शरयूताई मराठीतच म्हणाल्या आणि तो कुत्र्यामागे निघून जाईपर्यंत त्याला लग्नाची सगळी हकीकत सांगत राहिल्या.